पित्ताची गोळी आयुष्यभर घ्यावी लागणार का?

एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांना कळेल. वय ३९, राहायला बदलापूर, नोकरी अंधेरीला. दोन वर्षं रोज सकाळी नाश्ता झाला की पँटोप्राझोल ४० ची गोळी, बंद केली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी छातीत आग, रात्री झोपेत घशाशी आंबट पाणी येऊन ठसका लागतो, सकाळी आवाज बसलेला. वांगं, बटाटा, तुरीची डाळ, टोमॅटो, दही सगळं सोडून झालंय, तरी फरक नाही. आता विचारतायत की ही गोळी जन्मभर का, अजून काय काय सोडू, आणि घरगुती उपायांचं काय?

मी डोंबिवलीत २४ वर्षं फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करतोय आणि आमच्या पट्ट्यात लोकलने जाणाऱ्या-येणाऱ्या लोकांची हीच कहाणी मी रोज ऐकतो, अगदी वेळासकट. तर आधी एक सांगतो, अजून काहीही सोडू नका. उलट डाळ आणि भाज्या परत सुरू करा.

का ते समजून घ्या. जठरात ॲसिड असणं हा आजार नाहीये, ते तिथे असायलाच हवं, जेवण पचवायला आणि जंतू मारायला. जठराच्या आतल्या अस्तराला त्यापासून वाचवायला चिकट थर असतो, अन्ननलिकेला तसा नसतो. अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांब, आणि ती जिथे जठराला मिळते तिथे स्नायूची एक गोल झडप असते, घास खाली गेला की उघडायची आणि लगेच मिटायची. तुमच्या त्रासात बहुतेक वेळा ॲसिड जास्त नसतंच, ही झडप नको तेव्हा सैल पडते आणि ॲसिड वर येतं. पोट तुडुंब भरून ताणलं गेलं की ती जास्त वेळा सैल पडते, पोटावर बाहेरून दाब आला की अजून, आणि त्यात तुम्ही आडवे झालात की मग ॲसिडला वर यायला चढच उरत नाही. त्यामुळे काय खाल्लं यापेक्षा किती खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि त्यानंतर शरीर कुठल्या अवस्थेत होतं हे जास्त महत्त्वाचं, आणि नेमकं हेच कोणी विचारत नाही, सगळे वांग्याच्या मागे लागतात.

दुसरी अडचण आपल्या भाषेतली आहे. मराठीत पित्त हा एकच शब्द आपण चार वेगळ्या गोष्टींना वापरतो. छातीत जळलं तर पित्त. अंगावर खाजऱ्या गांध्या उठल्या, घरच्यांनी आमसुलाचं पाणी चोळलं, तेही पित्त, खरं तर ती ॲलर्जीसारखी त्वचेची प्रतिक्रिया आहे, जठराशी संबंध नाही. अर्धं डोकं ठणकतं, उजेड सहन होत नाही, उलटी झाली की मोकळं वाटतं, त्याला आपण पित्ताचं डोकं म्हणतो, ती बहुतेक वेळा मायग्रेन असते आणि तिथे पँटोप खाऊन काहीच होत नाही, वर्षानुवर्षं लोक चुकीची गोळी घेत राहतात. आणि चौथं सगळ्यात वाईट, हृदयाचा त्रास.

यावर जरा थांबतो कारण हे मी डोळ्याने बघितलंय. ४७ वर्षांचे एक गृहस्थ, रविवारी दुपारी मटण झालेलं, रात्री नऊला छातीत दडपल्यासारखं वाटायला लागलं. गॅस आहे म्हणून इनो घेतला, दोन ढेकर आले, बरं वाटलं, तासाभराने परत तेच, परत इनो. दवाखान्यात आले तेव्हा पंखा फुल चालू आणि कपाळावर घामाचे थेंब, कुठे दुखतंय विचारलं तर बोट दाखवलं नाही, मूठ आवळून छातीच्या मधोमध धरली. ती मूठ बघूनच मी कार्डिओग्राम काढायला घेतला. ते वाचले, कारण बायको ऐकायला तयार नव्हती, ओढून घेऊन आली. तर ढेकर आल्यावर बरं वाटलं म्हणजे गॅसच, असं धरून चालू नका. चालताना किंवा जिना चढताना छातीत येतं आणि थांबलं की जातं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जाते, घाम सुटतो, धाप लागते, किंवा डायबिटीस, बीपी, सिगरेट यातलं काही आहे आणि ही जळजळ आयुष्यात पहिल्यांदाच होतेय, तर आधी कार्डिओग्राम, मग बाकी सगळं. डायबिटीसवाल्यांना आणि बायकांना तर कधी कधी नुसती मळमळ आणि थकवा एवढंच होतं.

आता तुमची गोळी. दोन वर्षं तुम्ही ती नाश्ता झाल्यावर घेताय आणि माझ्या मते अर्धं दुखणं तिथेच आहे. जठराच्या भिंतीत ॲसिड सोडणारे छोटे छोटे पंप असतात, जेवायला लागलं की ते जागे होतात, आणि पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल ही सगळी मंडळी फक्त जागा झालेला पंपच बंद करू शकतात. गोळी रक्तात टिकते जेमतेम दोन-चार तास. म्हणजे पंप जागे होतील त्या वेळी औषध रक्तात हजर पाहिजे, म्हणून जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी, रिकाम्या पोटी. गोळी घेतली आणि मग दिवसभर काही खाल्लंच नाही तरी वाया, जेवणानंतर घेतली तरी बरीचशी वाया. आणि ही गोळी जळजळ झाली की लगेच घ्यायचीही नाही, तिचा पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात, लगेच आराम हवा असेल तर त्यासाठी पातळ अँटासिड आहे. तुमचा त्रास सगळा रात्रीचा, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांना विचारा की हीच गोळी रात्रीच्या जेवणाच्या अर्धा तास आधी घेतली तर चालेल का. मी माझ्या अशा पेशंटना बऱ्याचदा तेवढंच बदलून देतो, डोस तोच.

एक अजून बघा, तुमच्या पाकिटावर नावापुढे डी किंवा एलएस असं काही आहे का? डी म्हणजे सोबत डोमपेरिडोन, एलएस म्हणजे लिव्होसल्पिराइड. मळमळ, पोट जड राहणं यासाठी थोडे दिवस ठीक, पण मेडिकलमधून परस्पर आणून वर्षभर घ्यायची ही औषधं नव्हेत. डोमपेरिडोनने काही जणांत हृदयाचे ठोके बिघडतात, लिव्होसल्पिराइडने म्हाताऱ्या माणसांचे हात थरथरायला लागतात, चाल मंदावते, घरचे म्हणतात वयामुळे झालं, आणि गोळी बंद केल्यावर बऱ्याच वेळा माणूस सुधारतो. मी अशा दोन आज्या बघितल्यात ज्यांना पार्किन्सनची औषधं सुरू झाली होती. आणि घरात ॲसिडिटीची जुनी गोळी रॅनिटिडीन पडली असेल तर ती घेऊ नका, त्यात एनडीएमए नावाची घातक अशुद्धी सापडल्यावर अमेरिकेने २०२० मध्ये ती बाजारातून काढायला लावली, आपल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतूनही २०२२ मध्ये ती वगळली. तिच्याऐवजी फॅमोटिडीन मिळते.

रात्रीच्या जेवणाचं बघू. साडेनऊला घरी, दहाला ताट, पावणेअकराला आडवे. दिवसभराची भूक एकदम, त्यामुळे दोन पोळ्या, भाजी, वर भात, पोट गच्च, आणि त्या अवस्थेत झोप. तीन तासांचं अंतर ठेवा असं सगळे डॉक्टर सांगतात आणि बदलापूरच्या माणसाला ते जमत नाही हे मलाही कळतं, म्हणून मी उलटं सांगतो. मुख्य जेवण ऑफिसमध्येच करा, साडेसहा-सात वाजता, पोळीभाजीचा दुसरा डबा न्या, निघायच्या आधी पंधरा मिनिटं बसून खा. घरी आल्यावर सगळ्यांसोबत ताटावर बसायचंय, जरूर बसा, पण वाटीभर मुगाची खिचडी किंवा ताकभात, तेवढंच. पहिला आठवडा जड जातो, घरी आई किंवा बायको म्हणणार की हा जेवतच नाही, त्यांना हे वाचून दाखवा. माझ्या पेशंटमध्ये सगळ्यात जास्त फरक कशाने पडला असं कोणी विचारलं तर गोळीच्या आधी मी या दुसऱ्या डब्याचं नाव घेईन.

मग पलंग. उशा वाढवू नका. दोन-तीन उशा घेतल्या की मान वर होते आणि पोट मधून दुमडतं, दाब उलट वाढतो. पलंगाचं डोक्याकडचं अख्खं अंगच उचलायला पाहिजे, सहा ते आठ इंच. आमच्याकडे एक मावशी यायच्या, वय ५२, रात्री दोन-अडीचला खोकत उठायच्या, दोन वर्षं दम्याचा पंप घेत होत्या, मिश्री पण लावायच्या दिवसातून तीनदा. मुलाने पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली दोन-दोन विटा लावल्या, पलंग सरकू नये म्हणून विटेवर जुन्या टायरचा तुकडा ठेवला, आणि मिश्री बंद करायला मात्र आम्हाला चार महिने लागले. मिश्री, तंबाखू, सिगरेट, सगळ्याने ती झडप सैल पडते आणि वर लाळही कमी होते, आणि लाळ हे तर शरीराचं स्वतःचं अँटासिड आहे, वर आलेलं ॲसिड धुऊन खाली नेते. हळूहळू मावशींचा रात्रीचा खोकला गेला, पंप पुढे छातीच्या डॉक्टरांनी तपासून बंद केला. स्वतःच्या मनाने पंप बंद करू नका, दमा खरा पण असू शकतो आणि दोन्ही एकत्रही असतात.

झोपायचं डाव्या कुशीवर. जठराचा आकार असा आहे की डाव्या कुशीवर झोपलं की ॲसिड खाली राहतं आणि झडप वर, उजव्या कुशीवर नेमकं उलट. आपल्याकडे वामकुक्षी म्हणतात ना, वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस, शब्दातच सांगून ठेवलंय, फक्त आपण त्याचा अर्थ दुपारची झोप एवढाच करून टाकला. शतपावली पण चांगली, पण रमतगमत, जेवल्या जेवल्या भरभर चालणं किंवा खाली वाकून फरशी पुसणं नको.

पोटावरचा दाब. ढेरी असेल तर ती आतून ढकलतेच, चार-पाच किलो वजन उतरलं तरी लोक येऊन सांगतात की आग कमी झाली. पण वजन उतरेल तेव्हा उतरेल, पट्टा आजच एक भोक सैल करा. बायकांमध्ये परकराची नाडी, दिवसभर करकचून बांधलेली, कमरेवर काळा वळ पडलेला असतो, तपासताना दिसतो, मी प्रत्येकीला विचारतो आणि नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक लावायला सांगतो. जिममध्ये जेवून लगेच पोटाचे व्यायाम नको, कपालभाती भरल्या पोटी नको. मात्र शांत बसून पोटाने सावकाश श्वास घ्यायचा व्यायाम खरंच उपयोगी आहे, कारण झडपेच्या भोवती श्वासपटलाचाच, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याचा, स्नायू असतो आणि तो घट्ट झाला तर झडपेला आधार मिळतो, रोज दहा-पंधरा मिनिटं करा, लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर तिथेही जमतं.

खाण्याबद्दल आता बोलतो, मुद्दाम इतक्या उशिरा. सगळ्यांना लागू पडणारी बंदीची यादी नसते. तेलकट आणि जड जेवण पोटात जास्त वेळ राहतं म्हणून त्रास देतं, मिसळीत तिखटापेक्षा वरचा तेलाचा तवंग आणि त्यावर खाल्लेले चार पाव जास्त बाधतात. तिखट लागतं ते आधीच सोललेल्या अन्ननलिकेला, ती बरी झाली की थोडा ठेचा बऱ्याच जणांना चालतो. कॉफी, दारू, सोड्याची पेयं, चॉकलेट, पुदिना हे बऱ्याच लोकांना बाधतं, सगळ्यांना नाही. दोन आठवडे एका वहीत लिहा, काय खाल्लं, किती वाजता, जळजळ कधी झाली, तेव्हा बसला होतात की आडवे. जे तीन वेळा पकडलं जाईल तेवढंच सोडा. सकाळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी कडक चहा आणि मग अकरापर्यंत काहीच नाही, हे मात्र बहुतेकांच्या वहीत सापडतं. आणि उपवास, आपली एकादशी दुप्पट खाशी, दिवसभर चहावर काढायचा आणि मग शेंगदाण्याचं कूट, तूप, हिरवी मिरची घातलेली साबुदाण्याची खिचडी भरपेट. आषाढी झाली की दुसऱ्या दिवशी माझ्याकडे गर्दी असते. उपवास करा, पण राजगिरा, फळं, ताक, थोडं थोडं चार वेळा.

घरगुती उपायांचं विचारलंत. थंड दुधाने पाच मिनिटं बरं वाटतं, नंतर दुधातल्या प्रथिनांनी आणि कॅल्शियमने ॲसिड परत सुटतं, एखाद वेळी घ्या, सवय नको. जेवल्यावर बडीशेप चावल्याने लाळ सुटते, चांगलं आहे. मोरावळा मानवत असेल तर खा. खायचा सोडा किंवा इनो रोज नको, त्यात सोडियम भरपूर असतं, बीपीवाल्यांनी तर नकोच. ज्येष्ठमधानेही बीपी वाढतं, हे लोकांना माहीत नसतं. पातळ अँटासिड घ्यायचं तर ज्यात अल्जिनेट आहे ते रात्री जेवल्यावर घ्या, जठरातल्या अन्नावर त्याचा फेसाळ थर तरंगतो आणि ॲसिडला वर यायला अडवतो, तुमच्यासारख्या त्रासात साध्या अँटासिडपेक्षा ते बरं.

आणि एक सवय हात जोडून बंद करायला सांगतो, सकाळी बेसिनशी उभं राहून घशात बोटं घालून पित्त पाडणं. मिठाचं पाणी प्यायचं आणि खळखळून ओकायचं, अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं. ते जे हिरवं-पिवळं कडू पडतं ते आतड्यातलं पित्त असतं, रिकाम्या पोटी जोर केला की कोणाच्याही पोटातून पडेल, ते पडलं म्हणजे आजार बाहेर पडला असं नाही. रोज ॲसिड दातांवरून आणि अन्ननलिकेवरून जातं, पुढच्या दातांची मागची बाजू झिजून गुळगुळीत झालेली दिसते, आणि जोराच्या उलटीने अन्ननलिकेला चीर पडून रक्त येऊ शकतं. आपोआप उलटी झाली तरी लगेच ब्रश करू नका, नुसती चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासाने.

इतर औषधंही बघून घ्या. अंगदुखीसाठी वरचेवर डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन घेताय का? त्यांनीही जळजळ वाढते. काही बीपीच्या गोळ्यांनी, उदाहरणार्थ ॲम्लोडिपिन, झडप सैल पडते. ती बंद करू नका, डॉक्टरांशी बोला, पर्याय असतात. पुरळांसाठी डॉक्सीसायक्लिन किंवा हाडांसाठी आठवड्याची गोळी चालू असेल तर पूर्ण ग्लासभर पाण्यासोबत आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर ती अन्ननलिकेत चिकटून जखम करते.

आता मूळ प्रश्न, जन्मभर का. तुम्ही गोळी अचानक बंद करता आणि तिसऱ्या दिवशी आग होते, त्यावरून तुम्ही ठरवलंत की आजार बरा झाला नाही. तसं असेलच असं नाही. पंप बरेच दिवस बंद ठेवले की शरीर ॲसिड बनवायची तयारी वाढवतं, गोळी काढली की ते सगळं एकदम उसळतं. डेन्मार्कमध्ये २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, ज्यांना कधीच ॲसिडिटी नव्हती अशा १२० निरोगी लोकांना घेतलं, निम्म्यांना आठ आठवडे याच गटातली गोळी दिली आणि मग बंद केली, तर त्यातल्या ४४ टक्के लोकांना त्रास सुरू झाला, ज्यांना नुसती खोटी गोळी होती त्यांच्यात १५ टक्के. म्हणजे चांगल्या माणसालाही गोळी सोडताना जळजळ होते. म्हणून सोडायची तर उतरत्या क्रमाने. आधी गोळी बरोबर वेळेला घेऊन, डबा, विटा, डावी कूस हे सगळं सुरू करून आठ आठवडे नीट जाऊ द्या. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने ४० ची २०, दोन-तीन आठवड्यांनी एक दिवसाआड, मधल्या दिवशी जळलंच तर अल्जिनेट. दोन ते चार आठवडे थोडी कुरकुर राहील, घाबरून परत ४० वर जाऊ नका. काही लोकांना मात्र गोळी खरंच कायम लागते, दुर्बिणीत, म्हणजे एंडोस्कोपीत, अन्ननलिकेला मोठ्या जखमा दिसलेले, बॅरेट म्हणजे अस्तर बदललेले, किंवा हृदयासाठी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू असलेले. त्यांनी हे वाचून गोळी थांबवू नका. वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, ते अधूनमधून तपासायचं, पण त्या भीतीने गरजेची गोळी बंद करणं जास्त धोक्याचं.

आणि एवढं सगळं, बरोबर वेळेची गोळी धरून, दोन महिने करूनही काहीच फरक नाही, तर मग पोटविकारतज्ज्ञ. दुर्बीण करतील, गरज पडली तर नाकातून बारीक नळी घालून २४ तास ॲसिड मोजतात, त्यात कधी कधी असं निघतं की ॲसिड वर येतच नाहीये, अन्ननलिकाच जास्त संवेदनशील झालीय, आणि मग उपचार वेगळा असतो.

पण काही लोकांनी दोन महिने थांबायचंच नाही. घास अडकल्यासारखा वाटतोय, पोळी पाण्याबरोबर ढकलावी लागतेय, न प्रयत्न करता वजन उतरतंय, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसतंय, शी डांबरासारखी काळी चिकट होतेय, हिमोग्लोबिन कारण नसताना कमी आलंय, घरात कोणाला जठराचा किंवा अन्ननलिकेचा कॅन्सर झालेला आहे, किंवा वय पन्नाशीच्या पुढे आणि त्रास आत्ताच नव्याने सुरू झालाय. यातलं एक जरी असेल तर विटा, डबा, वही सगळं नंतर, आधी दुर्बिणीची तपासणी, याच आठवड्यात, आणि उलटीत रक्त किंवा काळी शी असेल तर आजच्या आज हॉस्पिटल.